डोक्यातले खोगीर

॥ श्री म्हाळसाकांत प्रसन्न ॥

बडोदे, रावपुरा
भाद्रपद वद्य पंचमी

राजमान्य राजेश्री मानसिंगराव, मुक्काम धार, यांना जगदेवरावाचा रामराम. येथील सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. डोके वगळले तर बाकीचे खरोखरच क्षेम आहे. मामासाहेबांचे गुडघे, मामीसाहेबांचा दमा, तुमची ती लाथाळ तांबडी घोडी आणि घरातील इतर मंडळी यांची खुशाली कळवावी. (इतर मंडळींत कोण येते ते तुम्ही जाणता.) इतर मंडळी पोटभर जेवतात की ताटावर नुसत्या बसून उठतात, तेही कळले तर बरे होईल. इतर मंडळींचा डावा खांदा पावसाळी हवेत धरतो, त्याला एरंडाचे पान गरम करून बांधावे लागते. इथे असताना ते पान मी आणून देत असे. तुमच्या परसात एरंड आहे की नाही, हे चौदा महिने मनात येते आणि विचारायचे राहून जाते.

पत्रास कारण असे की, दसऱ्याच्या दरबाराला वीस दिवस उरले आणि मला पगडी नाही. म्हणजे पगड्या तीन आहेत, पण त्या डोक्यावर बसत नाहीत, नुसत्या टेकतात. मामासाहेबांचे मस्तक ईश्वरकृपेने विशाल आहे. (आमच्या लग्नात आहेराची पगडी त्यांना बसेना, म्हणून त्यांनी ती अक्षता पडेपर्यंत हातातच धरली होती, आणि आमच्या कमळाआत्या व्याही रुसले समजून त्यांची समजूत घालत बसल्या होत्या.) तरी त्यांची एखादी जुनी पगडी महिनाभर उसनी मिळावी. वरची बांधणी मी इथे बदलून घेईन. जावयाने सासऱ्याकडे पगडी मागायची हे उलटेच झाले, मला कळते. पण कारण सविस्तर सांगितले नाही तर तुम्हीही म्हणाल की जगदेवरावाच्या डोक्यात वारे गेले, कारण सगळे बडोदे तेच म्हणत आहे.

सुरुवात पायापासून झाली. दोन वर्षांपूर्वी लहरीपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या मोच्याकडून जोडा घेतला, तो तीन महिन्यांत चावू लागला. दुसरा घेतला, तोही चावला. तिसऱ्या वेळी मी त्याला भर बाजारात सुनावले की तू कातडे वाचवतोस. म्हाताऱ्याने माझा पाय मांडीवर घेतला, वीत लावली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, जोडा नाना नथी थया, पग मोटा थया छे." छत्तीस वर्षांच्या माणसाचे पाय वाढतात हे मी प्रथमच ऐकत होतो. मी म्हटले, मग उद्या मला दुधाचे दातही येतील. (ते आले नाहीत, पण होते त्या दातांत फटी पडल्या, आणि आता 'शिस्तवार' म्हणताना शिटी वाजते.) मग बोटे वाढली. तुमच्याकडून लग्नात मिळालेली अंगठी रुतून बसली. सोनार म्हणाला कापून काढू. मी कापू दिली नाही. बोट निळे पडते, पडू दे.

आणि मग डोके. दैवाची चेष्टा पाहा, ज्या महिन्यात मला कचेरीत हेड कारकून केले नेमक्या त्याच महिन्यात पगडी घट्ट झाली. मी पगडी काढून कपाळ चोळू लागलो की आमचे जयसिंगराव सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असे विचारीत, "काय जगदेवराव, मावत नाही वाटतं?" मी तावातावाने पगडबंदाकडे गेलो. हे लोक घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्याचा दोरा गाठ मारून जपून ठेवतात. आमच्या आजोबांचाही त्याच्याकडे आहे. त्याने माझा आठ वर्षांपूर्वीचा दोरा काढला, डोक्याला लावला, आणि दोन बोटे कपाळ उघडे राहिले. मी म्हटले, दोरा आटला. बस्स. चार पिढ्यांचा मान असलेला माणूस तो. त्याने दोरा गुंडाळला, कपाळाला लावून आत ठेवला आणि मला हात जोडले. त्या दिवसापासून तो, त्याचे दोन भाऊ आणि चुलते, म्हणजे बडोद्यात पगडी बांधणारा एकूण एक हात, माझ्या डोक्याला शिवत नाही. म्हणून धारेपर्यंत यावे लागले.

(इथून पुढचा मजकूर मामासाहेबांसमोर वाचू नये. मामीसाहेबांसमोर तर नाहीच. तुम्हीही जरा दुसरीकडे पाहत वाचावा.) वाढले ते लिहिले, आता घटले ते लिहितो. आधी दाढी. आमचा न्हावी रविवारी आणि बुधवारी यायचा, त्याने एक दिवस आपणहून बुधवार सोडला. मी विचारले तर म्हणाला, "साहेब, पाक ज नथी, तो कापुं शुं?" पीकच नाही तर कापू काय! आणि मग दुसरी गोष्ट. मानसिंगराव, आपण दोघे लग्न झालेले पुरुष आहोत, थोडक्यात समजून घ्या. घरी कोणी वाढून ठेवावे आणि ज्याला जेवायचे त्याला भूकच नसावी, अशी वर्षाच्या वर स्थिती होती. मला वाटले कचेरीचा शीण. मग वाटले वय. मी माझे अंथरूण बाहेरच्या सोप्यात टाकू लागलो आणि उकाड्याचे कारण सांगू लागलो. बडोद्यात उकाड्याचे कारण आठ महिने चालते. पौषातही सांगितले तेव्हा आपल्या भगिनीने, कौशल्येने, माझी शाल तेवढी सोप्यात आणून ठेवली.

लाजेपायी मी वैद्याकडे गेलो नाही. वर्तमानपत्रात एक जाहिरात होती, वानराच्या ग्रंथीच्या अर्कापासून केलेल्या गोळ्या, गेलेले पौरुष चाळीस दिवसांत परत. (जाहिराती वाचायचा नाद मला कौशल्येने लावला. दुपारी ती बातम्या सोडून जाहिराती वाची आणि एकटीच हसे. काय हसतेस विचारले की पेपर पुढे करी. ही जाहिरात मात्र मी एकट्याने वाचली.) चोरून मागवल्या. मी कचेरीत असताना पार्सल घरी आले आणि कमळाआत्यांनी घेतले. डबीवर मोठ्या वानराचे चित्र. आत्यांनी हात जोडले, कोणीतरी तीर्थाहून मारुतीचा प्रसाद पाठवला म्हणून डबी देवघरात मांडली, आणि दर शनिवारी तिला शेंदूर, तेल आणि रुईची माळ सुरू झाली. आता आत्यांना काय सांगू की तो मारुती नव्हे? चाळीस दिवस मी रोज त्या डबीला नमस्कार करून कचेरीत गेलो. एका शनिवारी आत्यांनी एकेक गोळी शेजारीपाजारी प्रसाद म्हणून वाटली. त्याचा गुण कुणाला काय आला ते मी विचारायला गेलो नाही.

आता हसू बाजूला ठेवतो. घरात आत्या वडीलधाऱ्या. आईच्या मागे त्यांनीच मला वाढवले. लग्नाला नऊ वर्षे झाली, पाळणा हलला नाही. आत्यांची जीभ तुम्हाला ठाऊक आहे. हळदीकुंकवाला कौशल्येला मागे बसवू लागल्या. लेकुरवाळीची ओटी दुसरीला भरायला सांगू लागल्या. तिने सोळा सोमवार केले, प्रदोष केले, पिंपळाला फेऱ्या घातल्या, कोणी सांगेल ती कडू मुळी प्याली. एकदा तिने मला विचारले, माझ्यावर मन राहिले नाही का? एवढेच विचारले. मला म्हणता आले असते की खोट माझ्यात आहे, तुझ्यात नाही. मी म्हटले, कचेरीला उशीर होतो. आत्यांनी दुसऱ्या मुलीची गोष्ट काढली त्या दिवशी मी पानावर बसलो होतो आणि आमटी वाढून मागितली. आठ दिवसांनी तिला मीच स्टेशनवर पोचवले. तुम्हाला लिहिले की हवापालटाला येते. गाडी सुटताना मी खिडकीशी उभा राहून काय बोललो असेन? ट्रंकेला कुलूप लावले ना, एवढे विचारले. मानसिंगराव, चौदा महिने मी ते वाक्य दुरुस्त करतो आहे. रोज नवे सुचते, रोज आधीच्यापेक्षा चांगले सुचते.

तर आत्यांनी डभोईला मुलगी पाहिली. (तुमच्या कानावर गेले असेलच, आता माझ्याकडून ऐका.) मी नाही म्हणालो नाही, हेही लिहून ठेवतो. त्या खेळण्याएवढ्या गाडीत गुडघे हनुवटीला लावून डभोईला पोचलो. इथे आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या सुमारास माझे डोके सतत दुखे, आणि दोन्ही बाजूंचे दिसेनासे झाले होते. समोरचे लख्ख दिसे, पण बाजूने कोणी आले तर ते अंगावर आदळल्यावरच कळे. मांडवीत मी एका उभ्या म्हशीवर चालून गेलो होतो आणि तिची माफीही मागितली होती. डभोईला मी सोप्यावर बसलो, टेकवलेली पगडी हलू नये म्हणून मान ताठ, आणि मुलगी पोह्यांचे ताट घेऊन नेमकी डावीकडून आली. मला ती दिसलीच नाही. मुलीच्या बापाला नमस्कार करायला मी झटक्यात उठलो, खांदा ताटाला लागला. पोहे सगळ्या सभेवर पडले आणि पगडी मुलीच्या आजीच्या ओटीत. आजी मोठी खमकी. पगडी उचलून तिने आधी ती पाहिली, मग माझे डोके पाहिले, माझा जबडा पाहिला, हाताचा पंजा पाहिला, आणि सर्वांसमक्ष आत्यांना म्हणाली की ह्याला मुलगी दाखवू नका, ह्याला डॉक्टर दाखवा. शहाण्या बाईने मला वाचवले. नमस्कार करण्यासारखी ती एकच बाई मला डभोईत भेटली.

डॉक्टर दिनकरराव इथे रावपुऱ्यातच दवाखाना चालवतात. त्यांनी दोन्ही बाजूंनी बोटे हलवून कुठवर दिसते ते पाहिले, माझा लग्नातला फोटो मागवून तो आणि मी शेजारी शेजारी ठेवले (फोटोतला माणूस मला धाकटा भाऊ वाटला), मुंबईला धाडून डोक्याचा एक्स-रे काढवला. मग कचेरीच्या माणसाला कळेल असे समजावले. मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिच्युटरी. ती शरीराची हुजूर कचेरी. तिथून रक्तातून हुकूम सुटतात, त्यांना हार्मोन म्हणतात. गळ्यातली ग्रंथी, पोटातल्या ग्रंथी, पुरुषाचे पुरुषपण सांभाळणारी ग्रंथी, सगळी तालुक्याची ठाणी ह्या हुकमांवर चालतात. माझ्या हुजूर कचेरीत एक गाठ येऊन बसली आहे. तिने वाढीच्या खात्याचे हुकूम वारेमाप काढले, म्हणून हात, पाय, जबडा सुटला. आणि खानगी खात्याचे हुकूम दाबून ठेवले, म्हणून तिकडे सगळा शुकशुकाट. डोळ्यांच्या नसा तिच्या वरून जातात, त्यांना ती खालून रेटते. मी विचारले, दोष कुणाचा? म्हणाले, दोष कुणाचाच नाही, दोष गाठीचा. मी विचारले, मूल नाही त्यात बायकोचा काही दोष? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, असेल असे म्हणायला माझ्यापाशी काडीचाही आधार नाही. मी ते तिथेच त्यांच्या टेबलावर लिहून मागितले, त्यांनी सही करून दिले.

एक्स-रे दाखवताना ते म्हणाले, ही ग्रंथी ज्या हाडाच्या खोबणीत बसते तिला डॉक्टर लोक तुर्की खोगीर म्हणतात. तुमचे खोगीर गाठीने फुगून मोडायला आले आहे. मानसिंगराव, आम्ही चार पिढ्यांचे शिलेदार. आजोबांनी शेवटचा घोडा विकला, वडिलांनी खोगीर विकले, मी टाक धरला. आणि इतक्या वर्षांनी घराण्याचे खोगीर निघाले कुठे, तर माझ्या डोक्यात, आणि त्यावर स्वार होऊन बसली एक गाठ! मी हसलो, डॉक्टरही हसले. मग त्यांनी पुढचे सांगितले. मुंबईच्या इस्पितळात किरणांचा उपचार आहे. गाठ आखडली तर दृष्टी वाचेल, डोकेदुखी थांबेल. वाढलेले कमी होणार नाही. घटलेले परत येईल की नाही, ते सांगता येत नाही. मुलाची आशा धरू नका म्हणाले. दसरा झाला की जायचे आहे. सोबत कोणीतरी घरचे माणूस हवे म्हणाले.

रविवारी मी कमाटीबागेत बँड ऐकायला जातो. कौशल्या आणि मी जात असू तेव्हा ती दहा पावले मागे चाले, आणि मी वळणावर चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने थांबत असे, म्हणजे ती मला गाठी. पट्टा कधीच सुटलेला नसे. तिलाही ते माहीत होते, कारण ती जवळ आली की म्हणे, आज पुन्हा सुटला वाटतं. आता दोन्ही बाजूंचे दिसत नाही, मागचे तर कुणालाच दिसत नाही. तरी प्रत्येक वळणावर पाय थांबतो. मी वाकतो, पट्ट्याला हात लावतो, दहा पावलांचा वेळ मोजतो आणि मग पुढे जातो. डॉक्टरांना मी विचारले होते की हार्मोन नसले तर माणसाला आठवण येणेही कमी होते का. त्यांनी सांगितले, त्याचा हुकूम त्या कचेरीतून सुटत नाही.

असो. पगडीचे तेवढे मनावर घ्यावे. मामासाहेब आणि मामीसाहेब यांच्या चरणी मस्तक (आहे त्या मापाचे) ठेवतो. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, घोडीला लांबून.

आपला,
जगदेवराव

ता. क. पगडी पार्सलने पाठवू नये, दबते. कोणीतरी मांडीवर धरून आणावी. पितृपक्ष संपल्यावर घटस्थापनेचा दिवस चांगला आहे. रतलामला गाडी बदलताना हमालाच्या हाती देऊ नये. तुम्हाला सुगीमुळे शेतातून सवड होणार नाही, मामासाहेबांना गुडघे, मामीसाहेबांना दमा. घरात मोकळे असे दुसरे कोण आहे, ते तुम्हीच पाहावे.

ता. क. दुसरा. वरचे वाचून मलाच माझी लाज वाटली. पगडबंदाशी माझा समेट महिन्यापूर्वीच झाला. एक्स-रे घेऊन मी त्याच्या दुकानी गेलो, दोऱ्याची माफी मागितली, त्याने डोळे पुसून नवा दोरा काढला. नवी पगडी खुंटीवर आहे, उत्तम बसते. मामासाहेबांची पगडी मला नको आहे.

ता. क. तिसरा. मामासाहेबांसमोर वाचू नये असे लिहिले आहे, तेही खोडतो. पत्र सगळे वाचावे, सोप्यात बसून, मोठ्याने, मामासाहेब, मामीसाहेब आणि दाराआड जे कोणी असेल त्यांना ऐकू जाईल असे वाचावे. डॉक्टरांच्या सहीचा कागद सोबत आहे, तोही वाचावा. नऊ वर्षे तिने जे ऐकून घेतले ते चारचौघांत ऐकले, तेव्हा हेही चारचौघांतच व्हावे. इथे मी आत्यांना पाकीट बंद करण्याआधी सगळे वाचून दाखवले. डबीचा मजकूरही गाळला नाही. आत्या म्हणाल्या, "पोरीला मी काय काय बोलले रे." उठून देवघरात गेल्या. आणि एक गोष्ट. आपल्या राज्यात आता काडीमोडीचा कायदा झाला आहे. माझ्याकडून तिला पुढे काय मिळेल आणि काय नाही, ते मी वर लिहिले आहे. तिला मोकळे व्हायचे असेल तर मी आडवा येणार नाही, मागाल तिथे सही करीन. यायचे असेल तर स्टेशनवर मी उभा असेन, आणि ह्या खेपेला बोलेन.

ता. क. शेवटचा. उत्तर तुम्ही लिहा, हो असो की नाही असो. पण पाकिटावरचा पत्ता तिला लिहू द्यावा. अक्षर ती इथल्या बायकांच्या वर्गात शिकली, तेव्हापासून पाटीवर आणि वहीवर तिने सगळ्या घराची नावे लिहिली, आत्यांचे लिहिले, शेजारच्या मांजराचे लिहिले. रीत म्हणून माझे तेवढे कधी लिहिले नाही.